पायरीवरची बाई

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे आपलं दोघांचं जमायला हरकत नाही. सहावीत मी शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, "सोड, पण नाव लिहायला विसरू नको. अंगठा द्यायला लागला की माणसं तुझा हात धरतात आणि शाईत बुडवतात, विचारत पण नाहीत." नाव लिहायला विसरलो नाही. बाकीची अक्षरं मोबाईलवरचे मेसेज वाचून वाचून हळूहळू परत आली. आज कारखान्याची भट्टी दुरुस्तीला बंद आहे, खोलीतली पोरं बाजारात गेलीत, आणि मी मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वही घेऊन बसलोय. तू जाऊन चार वर्षं झाली.

मी आहे मोरबीला, लाद्यांच्या कारखान्यात, पॅकिंगला. तयार लादी येते, ती बघायची, खोक्यात भरायची, पट्टी मारायची. इथे येण्याआधी वापीला होतो, मग उंबरगावला, मग एक हंगाम ओख्याच्या बोटीवर. कुठे टिकत नाही. लोक म्हणायचे याच्या पायाला भिंगरी आहे, आणि तू म्हणायचीस, "असणारच, माझ्या वाटणीची पण त्यालाच लागलीय."

तुला एक विचारायचंय म्हणून हे सगळं. इथे आपल्या तलासरीकडच्या वेवजीचा एक माणूस कामाला आलाय. तिशीचा असेल. उजवा पाय काठीसारखा बारीक आणि हातात खरी काठी. ठेकेदाराने मला विचारलं, तुमच्याकडचाच आहे, याला जमेल का. मी नाही म्हणालो. शनिवारी त्याला परतीच्या गाडीत बसवणार आहेत. आज गुरुवार. तोपर्यंत मला माझा शब्द मागे घेता येईल, कोणी अडवलेलं नाही. पण माझं अडलंय ते कचेरीच्या त्या पायरीपाशी. तू त्या दिवशी पायरीवर मुद्दाम बसून राहिलीस, की दमली होतीस म्हणून? मुद्दाम असेल तर तू तुझं बघितलंस, तसं यानेही आपलं बघावं, मी मध्ये बोलायचं काय कारण? आणि दमून असेल, तर तेव्हा बोलायचं काम माझं होतं, आणि आताही माझंच आहे. इतकी माणसं ती गोष्ट सांगतात, पण हे एवढं कोणालाच माहीत नाही.

आपलं गंजाडचं घर मला खालून आठवतं. चूल जमिनीत, मीठ-मिरचीचे डबे जमिनीवर भिंतीला टेकून, कळशी, पाटा, विळी, नाचणीचं पीठ, सगळं तुझ्या हाताच्या उंचीवर. बा उभा राहिला की त्याच्या कमरेच्या वर आपल्या घरात नुसता धूर होता. तू बसून चालायचीस. दोन्ही हातांत रबरी चपला घालायच्या, हात पुढे टेकायचे, अंग उचलून पुढे टाकायचं, पाय आपले मागून यायचे. मला वाटायचं आया अशाच चालतात, काही काही बायका उगाच उंच होतात. शेजारच्या काकीकडे पहिल्यांदा फळीवर लावलेले डबे बघितले आणि मी विचारलं, "एवढे वर का ठेवलेत? कशा पोचणार तुम्ही?" काकी हसली, मग तिने डोळे पुसल्यासारखं केलं, आणि मग मला गुळाचा खडा दिला. गूळ कशाचा, ते मला कळेना. घरी येऊन तुला विचारलं तर तू म्हणालीस, "खा. कशाचा ते कळेल तेव्हा गोड नाही लागणार."

बाने तुझ्याशी लग्न केलं याला सगळा पाडा उपकार म्हणायचा. तुझ्या तोंडावर म्हणायचे, पाहुणे आले तरी म्हणायचे, जसं काही घराला नवीन कौलं घातलीत ते दाखवावं. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "उपकार झाला खरा. याला भाकरी येत नव्हती, सुकी मासळी भाजायला गेला तर झोपडी पेटवायचा. मी केला उपकार." बा मान खाली घालून जेवायचा आणि गालात हसायचा. तुमचं आपसांत काय होतं, आये? त्याने तुला पहिल्यांदा कुठे बघितलं? हे मी विचारलंच नाही कधी. आता बाला फोनवर विचारलं तर तो म्हणतो, पाऊस कसा आहे तिकडे.

मग बाला घोलवडला चिकूच्या वाडीत काम लागलं आणि आपण तिकडे राहायला गेलो. पुरुष लांब बांबूला जाळी लावलेल्या बेडणीने चिकू उतरवायचे, आणि शेडमध्ये बायका मोठा, मधला, बारीक असे निवडून पेट्या भरायच्या. तू पहिल्या दिवशी गेलीस तेव्हा मालक बावर ओरडला, हिला कशाला आणलीस. आठ दिवसांनी त्यालाच कळेना की कोणाला आणलं म्हणून आपण ओरडलो होतो. कारण तिथे सगळ्याच बायका बसून काम करतात. पोत्यावर ओळीने बसलेल्या, पुढे चिकूचा ढीग, सगळ्यांचे हात सारखे चालतायत. त्यातली तू कुठली, हे दारातून ओळखता यायचं नाही. कोणीतरी म्हणायची, "बाई, तुझं बरं आहे, तुला कोणी पाण्याला पाठवत नाही." तू म्हणायचीस, "ये, पाय बदलून घेऊ. पण नवरा पण त्याच्याबरोबर येईल, तो घोरतो." सगळी शेड हसायची.

संध्याकाळी गाडी यायची आणि पेट्या भरायला सगळ्या उठायच्या. उठल्या की तू एकटी खाली राहायचीस. हे मी कितीतरी वेळा दारात उभा राहून बघितलंय आणि अजून डोक्यातून जात नाही. बसलेल्या असताना तू पांगळी नव्हतीस. त्या उठल्या की व्हायचीस. तुझ्यात काहीच बदललेलं नसायचं, तू होतीस तिथेच असायचीस, हातात चिकू तोच. उठलेल्या त्या असायच्या. मग नाव तुझं का पडायचं? वापीला मशीनवर असताना मी बाजूच्या पोराला हे सांगून बघितलं. तो म्हणाला, तू शाळा सोडली ते बरं केलंस, मास्तर वेडे झाले असते.

त्या वाडीत मला पहिला पगार मिळाला तेव्हा मी डहाणूच्या बाजारातून तुला चपला आणल्या. तुझ्या हातातल्या झिजून त्यांना भोकं पडली होती. दुकानदाराने विचारलं, "कोणाला?" मी म्हणालो, "बाला." तुझे तळवे रुंद म्हणून पुरुषी नंबरच्या घेतल्या, मापाला बरोबर बसल्या. तू घालून ओट्यावर दोन हात पुढे गेलीस, मागे आलीस, खूश झालीस. मग मी गंमत म्हणून सांगितलं की दुकानदाराला मी असं असं म्हणालो. तुझं हसू तिथेच थांबलं. "बाच्या नावावर का घेतल्यास? आईच्या हाताच्या आहेत म्हणून सांगायचं." मी म्हणालो, "तो हसला असता." तू म्हणालीस, "हसला असता तर हसला असता. एकदाच हसला असता. दुसऱ्या वेळी त्यानेच विचारलं असतं, पायाची देऊ का हाताची देऊ." आणि त्या चपला तू दोन दिवस घातल्या नाहीस. जुन्याच भोकाच्या घालून फिरलीस, मला दिसेल अशी.

आता पायरी. चौदा साल. आपला जिल्हा नवीन झाला होता आणि कुठला कागद कुठे मिळतो हे कागद देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. तुला अपंगाचा दाखला पाहिजे होता, कारण एसटीचा कंडक्टर अर्ध्या तिकिटाला कागद मागायचा. तू म्हणायचीस, "पाय दाखवते ना." तो म्हणायचा, "पाय चालत नाही, बाई, कागद लागतो." तू म्हणायचीस, "तेच तर सांगते, पाय चालत नाही." गाडी हसायची आणि तिकीट पूर्ण फाडलं जायचं.

कचेरी वरच्या मजल्यावर होती. अपंगांचे दाखले वरच्या मजल्यावर का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, खोटं कशाला बोलू. पहिल्या खेपेला मी तुला पाठीवर घेऊन चढलो. तिथला माणूस माझ्याकडे बघून विचारायला लागला, यांचं वय काय, यांना कधीपासून, यांना लिहिता येतं का. तू माझ्या खांद्यावरून म्हणालीस, "मला विचारा. तोंडाला काही झालेलं नाही माझ्या." त्याने एक कागद कमी आहे सांगून परत पाठवलं. उतरताना जिन्यात एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "केवढं पुण्य कमावतोय पोरगा." तू म्हणालीस, "वजन माझं आणि पुण्य याचं!" तुला गंमत वाटली. मला नाही वाटली. सतरा वर्षांचा होतो मी, आये. ज्या रस्त्याने तुला घेऊन जायचो त्या रस्त्यावरचे सगळे लोक माझ्याकडे बघून चांगलं तोंड करायचे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुक्यांच्या लोकांना एकाच दिवशी बोलावलं होतं. ही गर्दी. मी तुला जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं, म्हणालो येतो, आणि समोरच्या टपरीवर गेलो. वडापाव खाल्ला. कोणाच्या तरी मोबाईलवर चाललेली मॅच बघितली. अर्धा तास तरी गेला असेल. परत आलो तेव्हा जिन्याखाली माणसं तुंबलेली, जिन्यावर वर तुंबलेली, मध्ये पहिल्या पायरीवर तू, आणि तिसऱ्या पायरीवर खुद्द साहेब फाईल मांडीवर घेऊन बसलेले, तिथेच सह्या करत होते.

माणसाला ओलांडायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. बसलेला असो, निजलेला असो, वळसा घालायचा. चुकून ओलांडलं तर परत उलटं ओलांडून यायचं, नाहीतर खालच्या माणसाची वाढ खुंटते. लहानपणी मी तुझ्या पायांवरून उडी मारली की तू ओरडायचीस, "परत ये, परत ये उलटा, नाहीतर माझी उंची राहील!" आणि स्वतःच हसून लोळायचीस. त्या अरुंद जिन्यात वळसा घालायला जागाच नव्हती. तू बसलीस म्हणजे जिना बंद. म्हातारे थांबले, बायका थांबल्या, शिपाई थांबला, आणि साहेब जेवायला निघाले होते ते पण थांबले.

पुढे लोकांनी याची गोष्ट केली. पायरीवरची बाई. कुठल्याशा संघटनेची माणसं फोटो काढायला आली, तू पदर नीट केलास आणि त्यांनाच चिकू खायला घातलेस. दाखल्यांचं टेबल खाली आलं, चार महिने खाली राहिलं, मग पावसाचं पाणी आत आलं म्हणून परत वर गेलं. तुला दाखला मिळाला. मी एसटीत तुला विचारलं होतं, "मुद्दाम बसलीस का गं?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "भूक लागलीय." पुढच्या पावसात तीन दिवसांचा ताप आला आणि तू गेलीस. माझा प्रश्न तिथेच राहिला.

ती गोष्ट मी वापीला सांगितली, बोटीवर सांगितली, इथे खोलीत पण सांगितली. माझ्या गोष्टीत मी तुझ्या बाजूला उभा असतो. टपरी नसते. इथल्या पोरांना त्यातली ओलांडायची गोष्ट मात्र कळत नाही. बारा जण एका खोलीत झोपतो, पाळी बदलली की जो तो ज्याला त्याला ओलांडून जातो, परत कोणी फिरत नाही. ते म्हणतात, एवढं काय, टांग टाकून जायचं ना. म्हणजे तुझी पायरी इथे चालली नसती. आपल्याच लोकांत चालायची ती.

आणि त्यात हा वेवजीचा आला. पहिल्याच दिवशी काठी भिंतीला लावून बसला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तू त्या पायरीवरच्या बाईंचा पोऱ्या ना? मी होतो तिथे. खालून सहावा नंबर." पोरं म्हणाली, हो हो, हाच. हा आता टपरीचं सांगणार असं वाटून मी खोकी आणायला उठलो. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने गुजरातीत विचारलं, "तारा गामनो छे ने? बोल, चालशे के नहीं?" मी म्हणालो, खोकी माळ्यावर आहेत, शिडी आहे, नाही जमणार. त्याला मी काम करताना बघितलंसुद्धा नव्हतं. शिडीचं बोललो ते खरं होतं, पण मी बोललो ते शिडीमुळे नाही. हे मी तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

इथपर्यंत त्या गुरुवारी लिहिलं होतं. आज त्यानंतरचा दुसरा रविवार. पोरं झोपलीत, मी बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलोय.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. तो लाद्यांच्या थप्पीला टेकून बसला होता, एकेक लादी दोन बोटांवर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकत होता आणि कान लावत होता. चांगली लादी घंटेसारखी वाजते, आतून तडकलेली मडक्यासारखी. कोणी सांगितलेलं नव्हतं, उगाच वेळ घालवत होता. मी बाजूला बसलो. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून जे पहिलं आलं ते विचारलं.

"दुखतो का पाय?"

"पायाला काय दुखणार, त्यात काही आहेच कुठे. खांदा दुखतो." काठीच्या बाजूचा खांदा त्याने हलवून दाखवला. "सगळे पायाला तेल देतात. आई माझी अजून देते. खांद्याला कोण देत नाही."

 तुझे खांदे माझ्या डोळ्यासमोर आले. पैलवानासारखे होते, मी त्याचं कौतुक सांगत फिरायचो.

मग मी म्हणालो, "त्या दिवशी तू होतास ना? ती मुद्दाम बसली होती का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "तुला नाही माहीत?"

"मी नव्हतो. टपरीवर होतो."

"ते माहीत आहे," तो म्हणाला. "बाई मलाच विचारत होत्या, माझा पोऱ्या दिसतो का बघ रे तिकडे. मी बघितलं. तू वडापाव खात होतास."

"मग?"

"मग मी त्यांना सांगितलं, दिसत नाही."

"खोटं का सांगितलंस?"

"खात होतास ना. खाऊ दे म्हटलं." त्याने आणखी एक लादी वाजवली. "तर बाई म्हणाल्या, बरं झालं. आता आला असता तर उचलून वर नेलं असतं मला, आणि हे सगळे इथेच राहिले असते. हे ऐकून मी मागे बघितलं. एक जण कुबडीवर, एक बाई पोराला कडेवर घेऊन, पोराची मान ठरत नव्हती. मी होतो. शिपाई म्हणाला, बाई, सरका. त्या म्हणाल्या, सरकते की, वर सरकू का खाली सरकू ते सांगा. वर जायला पाय नाहीत आणि खाली तर मी आहेच. सगळे हसले. शिपाई पण हसला."

"म्हणजे मुद्दाम."

"काय माहीत, भाऊ. आधी तर तुझीच वाट बघत होत्या. दमल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग कधीतरी मुद्दाम झालं असेल. दमलेला माणूस मुद्दाम बसू शकत नाही का?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी हे का ते, एवढंच करत होतो. शुक्रवारची पुढची सगळी पाळी मी खोकी भरत होतो आणि तुझं ते "बरं झालं" ऐकत होतो. मला राग आला, आये, खरं सांगतो. इतकी वर्षं मी त्या टपरीचं ओझं घेऊन फिरतोय, आणि तुला मी नसलेलाच पाहिजे होतो. मग हसू पण आलं. पाठीवर घ्यायचो ते तुला कसं वाटायचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सगळे मला चांगलं म्हणायचे, त्यामुळे तुलाही चांगलंच वाटत असणार, असं मी धरून चाललो.

पाळी संपल्यावर ठेकेदाराकडे गेलो. त्याला म्हणालो, वेवजीच्या माणसाचं मी बोललो ते सोडून द्या. तो म्हणाला, "पहेलां ना पाडी, हवे हा पाडे छे?" म्हणजे आधी नाही म्हणालास, आता हो म्हणतोस. मी म्हणालो, "हो पण म्हणत नाही, शेठ. मला विचारूच नका. त्याला विचारा." तो म्हणाला, "एने पूछीश तो ए हा ज बोलशे!" त्याला विचारलं तर तो होच म्हणणार. मी म्हणालो, विचारून तर बघा.

त्याने बोलावलं. हा काठी टेकत आला आणि मराठीतच बोलला, ठेकेदाराला कळतं तेवढं. "शिडी चढणार नाही. उभ्याने भरणार नाही. बसून लादी वाजवून देतो, दिवसभर. दारापाशी बसेन, तिथे भट्टीचा आवाज कमी आहे." ठेकेदार म्हणाला, दारात नको, व्यापारी येतात, मागे बस. हा म्हणाला, "मागे ऐकू येत नाही, शेठ. व्यापाऱ्याला माझा पाय बघायचा असेल तर बघू दे, लादीबरोबर फुकट."

ठेकेदाराला हसू आलं, पण त्याने आपल्या हाताने दहा लाद्या काढून आणल्या, त्यात दोन तडकलेल्या मिसळल्या, आणि याच्या पुढे ठेवल्या. आम्ही सात-आठ जण भोवती. मला वाटलं, आता हा दोन्ही पकडणार आणि सगळे टाळ्या वाजवणार. त्याने एक पकडली. दुसरी त्याच्या हातून चांगल्यात गेली.  ठेकेदाराने ती उचलली, उलटीपालटी केली, आणि म्हणाला, "उभा रहेवावाळा पण एटलुं तो चूके छे." उभे राहणारेही एवढं चुकतातच. मग म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. दारात बस.

शनिवारची गाडी गेली आणि तो इथेच आहे. दारात पोतं टाकून बसतो. व्यापारी येतात, आधी पाय बघतात, मग लादीचा आवाज ऐकायला लागतात, काही जण पायच बघत राहतात. मी त्याला जाऊन विचारलं, कसं वाटतं. म्हणाला, खांदा दुखत नाही आता, बूड दुखतं.

काल पाळी सुटल्यावर त्याने सगळ्या पोरांना चहा पाजला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हा पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने बोलला, ठेकेदार आधी मला परत का पाठवत होता कोण जाणे. पण शेवटी त्या बाईंचाच पोऱ्या." पोरं म्हणाली, हो, आहेच तसा. आणि आये, मी कप पुढे केला. चहा बशीत ओतला, फुंकला, सगळा प्यालो. मागून अजून अर्धा घेतला.

आधी नाही म्हणणारा मीच, हे उद्या त्याला सांगेन, असं इथे लिहिणार होतो. पण ठरलेलं नाही, आणि तुझ्यापुढे लिहून ठेवलं की करावं लागेल. तुझ्या पत्त्यावर हे जाणार नाही ते मला माहीत आहे. खोलीत उघडं ठेवायलाही भीती वाटते, कारण तो नववी शिकलाय, घडाघडा वाचतो. म्हणून वही पिशवीत कपड्यांच्या खाली घालतोय.